चांद्याच्या खडकातील बर्फ

आजचा धागा लांबलचक आहे. त्यात बखर नाही, ताम्रपट नाही, मोडीतील एकही कागद नाही. तरीही तो अस्सल साधनांविषयीच आहे. साधन तेवढे तीस कोटी वर्षांचे जुने आहे.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे महाराष्ट्रात कोणालाही सांगावे लागत नाही. त्याच जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी, इरई या गावाजवळ चुनखडकाचा एक उघडा पृष्ठभाग आहे. तो घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर एकमेकांना समांतर असे ओरखडे व खाचा आहेत. नदीच्या पाण्याने दगड गुळगुळीत होतो, पण त्यावर अशा सरळ, समांतर रेघा उमटत नाहीत. तळाशी दगडगोटे घट्ट धरून ठेवणारा आणि वरून प्रचंड भार देत पुढे सरकणारा पदार्थ असल्या रेघा ओढतो. असा पदार्थ म्हणजे हिमनदीचा बर्फ.

चांद्यात हिमनदी! एकोणिसाव्या शतकातील बहुतेक शहाण्या माणसांना ही कल्पना हास्यास्पद वाटली असती. ती खरी कशी ठरली आणि तिच्यापोटी एका अख्ख्या भूखंडाचे नाव कसे जन्मले, ते आज पाहू.

आधी वाचनाची रीत. पेशवे दफ्तरातला रुमाल सोडला की कागद ज्या क्रमाने बांधले असतील त्या क्रमाने हाती येतात, आणि तो क्रम हाही पुरावाच असतो. गाळाच्या खडकांचे तसेच आहे. नद्या, सरोवरे, समुद्र यांच्या तळाशी गाळ साचतो, त्यावर नवा गाळ येतो, खालचा दाबला जाऊन दगड बनतो. उलथापालथ झालेली नसेल तर खालचा थर जुना, वरचा नवा. निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये हे सूत्र मांडले. ते इतके साधे आहे की त्याच्यासाठी कोणा पंडिताची गरज का भासावी, असा प्रश्न पडतो. परंतु भूस्तरविज्ञानाची सारी इमारत याच पायावर उभी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कणांचा आकार. वाहत्या पाण्याची ताकद गाळात नोंदली जाते. जोरदार प्रवाह गोटे वाहून नेतो. तो मंदावला की वाळू खाली बसते आणि तिचा वालुकाश्म होतो. पाणी जवळजवळ निश्चल झाले की अतिसूक्ष्म चिखल, ज्याचा कण मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाहूनही लहान असतो, तो हळूहळू तळाला जातो. त्या चिखलाचे चपटे कण दाबाखाली आडवे पडतात, एकावर एक रचले जातात, आणि तयार होतो शेल. हा दगड वहीच्या पानांसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून शेल दिसला की समजावे, येथे एके काळी शांत पाणी होते.

शांत पाणी. हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचा सारा पेच त्यांच्यावर उभा आहे.

आता १८५१ साली जाऊ. त्या वर्षी थॉमस ओल्डहॅम हा आयरिश भूवैज्ञानिक कलकत्त्यास उतरला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे काम रीतसर सुरू झाले. कंपनी सरकारला दगडांविषयी अचानक जिव्हाळा उत्पन्न झाला होता, असे मुळीच नव्हे. आगबोटी चालवायच्या होत्या, आगगाडी येऊ घातली होती. दोहोंना कोळसा हवा होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनाकडे पाहताना ते कोणी, कशासाठी तयार केले हे आधी विचारावे, असे आपल्याला शिकवले जाते. भारताच्या भूस्तरांचे पहिले पद्धतशीर वाचन कोळशाच्या शोधातून झाले, हे येथे नोंदवून ठेवतो.

या संस्थेत १८५५ मध्ये दोन सख्खे भाऊ दाखल झाले. विल्यम ब्लॅनफर्ड आणि हेन्री ब्लॅनफर्ड. थोरला तेविशीचा, धाकटा एकविशीचा. म्हणजे हा धागा वाचणाऱ्या अनेकांच्याच वयाचे. त्यांना आणि विल्यम थिओबाल्ड या सहकाऱ्याला ओरिसातील तालचिर संस्थानाच्या कोळसा क्षेत्रात धाडण्यात आले. कोळसा त्यांना सापडला. पण त्यांना गुंतवून ठेवले ते कोळशाच्या खूप खाली असलेल्या एका थराने.

तो थर मुख्यतः हिरवट, अतिशय बारीक चिखलाचा आणि शेलचा होता. आणि त्या बारीक चिखलातच मोठमोठे धोंडे रुतून बसलेले होते. काही तर कवेत मावणार नाहीत असे. जवळच्या खडकांचे नव्हेत, दूरून आलेले.

पेच लक्षात आला का? चिखल सांगतो, पाणी निश्चल होते. धोंडे सांगतात, त्यांना कोणीतरी मोठ्या बळाने आणले. जो प्रवाह असे धोंडे लोटील तो चिखलाचा एक कणही तेथे टिकू देणार नाही; आणि ज्या पाण्यात चिखल बसतो ते पाणी खडासुद्धा हलवू शकत नाही. एकाच थरात दोन साक्षीदार, आणि त्यांच्या जबान्या एकमेकींना छेद देणाऱ्या.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे गैरसोयीच्या साक्षीदाराला खोटे ठरवणे. दुसरा म्हणजे दोघेही खरे बोलत असतील अशी परिस्थिती शोधणे. या तरुणांनी दुसरा मार्ग धरला. आपल्या तालचिरवरील अहवालात त्यांनी सुचवले की धोंडे बर्फाने आणले असावेत. बर्फ धोंडा धरून ठेवतो, पाण्यावरून तरंगत नेतो, आणि वितळला की तो खालच्या शांत चिखलात सोडून देतो. पाणी निश्चल राहते आणि धोंडाही येतो. दोन्ही जबान्या जुळतात.

त्या काळी ही सूचना किती धाडसाची होती ते समजून घ्यायला हवे. लुई अगासी याने युरोपातील हिमयुगाची कल्पना मांडून वीसच वर्षे होत आली होती आणि तीही सर्वांना पचलेली नव्हती. ते हिमयुग तर भूवैज्ञानिकदृष्ट्या अगदी अलीकडचे, आणि युरोपात, जेथे आजही थंडी पडते. येथे मात्र विषुववृत्तापासून जेमतेम एकवीस अंशांवर, कोळशाच्याही आधीच्या युगात बर्फ होता, असे म्हणायचे होते. शिवाय तेव्हाचा रूढ समज असा की पृथ्वी तप्त गोळ्यापासून हळूहळू निवत आली. म्हणजे जितके मागे जावे तितकी ती अधिक उष्ण असायला हवी. ब्लॅनफर्ड बंधूंनी जपूनच लिहिले होते, तरीही संशय घेणारेच जास्त निघाले. केवळ धोंड्यांवर विसंबून एवढे मोठे विधान कोणी मान्य करीना.

दरम्यान आपल्या बाजूला काय चालले होते? १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निवर्तले, दत्तक नामंजूर झाला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. चांदा त्याच राज्याचा भाग होता. त्यापूर्वी, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, तेथे गोंड राजांची सत्ता होती. खालसा झालेल्या मुलखात आता कोळशाचा शोध घेणे सोपे झाले.

नागपुरात मात्र एक माणूस आधीपासूनच दगड फोडत होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये तेथे आला. हिस्लॉप महाविद्यालय ज्याच्या नावाने आहे तोच हा. त्याने आणि रॉबर्ट हंटर या त्याच्या सहकाऱ्याने नागपूरच्या परिसरातील थर, शंखशिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म यांची पायपीट करून नोंद केली व ती लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीस पाठवली. चांदा जिल्ह्यातल्या मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन याने १८५५ मध्ये वर्णिली. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारा ओवेन तो हाच. पुढे १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परतताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. दगड वाचण्याचा नाद आणि पुरातत्त्वाचा नाद एकाच माणसात कसा नांदू शकतो, याचे माझ्या माहितीतले हे सर्वांत सुंदर उदाहरण.

हिस्लॉपची कालगणना मात्र टिकली नाही. नागपूरकडील कोळशाच्या थरांतील वनस्पती पाहून त्याने ते थर युरोपातल्या जुरासिक थरांच्या जोडीस बसवले होते. प्रत्यक्षात ते कितीतरी जुने, पर्मियन काळातले निघाले. यात त्याचा निष्काळजीपणा नव्हता. तेव्हा थरांचे पंचांग एकच होते आणि ते युरोपात तयार झाले होते. भारतीय पाने त्या पंचांगातल्या कोणत्या तरी तिथीला चिकटवणे भाग होते. आणि ही पाने तर युरोपात उगवलीच नव्हती! या एका प्रश्नावर पुढली कित्येक वर्षे वाद झडले. ओटोकार फाइस्टमांटेल हा बोहेमियाचा पुराजीवशास्त्रज्ञ आणि थोरला ब्लॅनफर्ड एकाच संस्थेत बसून याच मुद्द्यावर परस्परविरुद्ध लिहीत होते.

हे ध्यानात असू द्या की या कोणाकडेही वर्षे मोजण्याचे साधन नव्हते. किरणोत्सारावरून वय काढण्याची पद्धत विसाव्या शतकातली. त्यांच्या हाती होता तो केवळ क्रम. ‘याच्या आधी हे, त्याच्या आधी ते’, बस्स. तारीख नसलेल्या कागदांवरून घटनाक्रम लावण्यासारखेच ते काम होते.

वर्धेच्या खोऱ्यात हा क्रम असा लागतो. तळाशी पैनगंगेचा चुनखडक. त्यावर धोंडे आणि हिरवट शेल असलेला तालचिर थर. यातला शेल हवापाण्याने झडताना सुयांसारख्या बारीक तुकड्यांत फुटतो. त्यावर बराकर थर, ज्यात दगडी कोळसा आहे. त्यावर कामठीचे लालसर वालुकाश्म. आणि ज्या गावाला आपण छावणीमुळे ओळखतो त्या कामठीच्या नावाचा थर भूवैज्ञानिकांच्या ग्रंथांत शतकभराहून अधिक काळ नांदतो आहे, हे जाता जाता सांगतो. सर्वांत वर, पश्चिमेकडे, आपला ओळखीचा काळा पाषाण.

चुनखडक आणि तालचिर यांच्यामध्ये काहीच नाही. म्हणजे एक रेघ आहे, एवढेच. खालचा खडक सुमारे शंभर कोटी वर्षांचा, वरचा तीस कोटींचा. मधला काळ त्या रेघेत गडप झालेला आहे. एक तर त्या काळात तेथे काही साचले नाही, किंवा साचलेले झिजून गेले. दफ्तरातून पाने फाटून गेली की आपण चुटपुटतो. दगडांच्या दफ्तरात फाटलेल्या पानांची संख्या उरलेल्या पानांहून अधिक असते.

आणि याच रेघेवर निकाल लागला. १८७० च्या दशकात फ्रान्सिस फेडन हा सर्वेक्षण संस्थेचा अधिकारी चांदा भागात काम करीत होता. इरईजवळ त्याला तालचिरच्या धोंड्यांच्या थराखालून उघडा पडलेला चुनखडक दिसला. तोच, ज्याच्यापासून आपण सुरुवात केली. गुळगुळीत, खाचा पडलेला, समांतर रेघांचा. वरच्या थरातील धोंड्यांवरही तसेच ओरखडे. हिमनदीने ज्या जमिनीवर पाय घासले ती जमीन आणि ज्या दगडांनी ती घासली ते दगड, दोन्ही एकाच जागी, एकावर एक. फेडनचे टिपण १८७५ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले.

धोंड्यांच्या बाबतीत वाद घालता आला असता. ते वाहत आले, लोटले गेले, काहीही म्हणता आले असते. पण जागचा खडक कोठून वाहून येणार? ब्लॅनफर्ड बंधूंचा तर्क मांडला गेला ओरिसात, आणि त्याला भक्कम साक्ष मिळाली चांद्यात. १९६३ मध्ये एका भूवैज्ञानिकाने ही जागा पुन्हा नव्या पद्धतींनी तपासली, तेव्हाही हिमनदीचाच निर्वाळा मिळाला.

एव्हाना जगाच्या इतर कोपऱ्यांतूनही अशाच वार्ता येऊ लागल्या होत्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये हिमनदीने घासलेला खडक नोंदला गेला होता. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये चिखलात धोंडे रुतलेला एक खडक आधी ज्वालामुखीजन्य मानला जाई. १८७० मध्ये सदरलँड याने तो हिमानी असल्याचे मांडले. आणि या सर्व ठिकाणी हिमथरांच्या वर कोळसा, आणि कोळशाभोवतीच्या शेलमध्ये एकच पान. ग्लॉसोप्टेरिस. जिभेच्या आकाराचे, मधोमध ठसठशीत शीर असलेले. ब्राँन्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरूनच त्याला नाव दिले होते. शांत पाण्यात पडलेले पान चिखलाने हळुवार झाकले की त्याची शीर न् शीर उमटते. हे शेलचे आपल्यावरचे ऋण.

समुद्रापलीकडे एवढ्या दूर तेच झाड कसे? हेन्री ब्लॅनफर्डने १८७५ मध्ये भारत आणि आफ्रिका यांना जोडणाऱ्या लुप्त भूखंडाची कल्पना मांडली. (हाच हेन्री त्या वर्षी भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला आणि पुढे हिमालयातील बर्फाचा पावसाशी असलेला संबंध शोधू लागला. बर्फाने त्याची पाठ सोडली नाही!) भारतातल्या या सर्व थरांना मिळून एक नाव हवे होते. हेन्री मेडलिकॉट याने १८७२ मध्ये ते सुचवले, फाइस्टमांटेलने १८७६ मध्ये ते छापून रूढ केले. नाव होते ‘गोंडवना’. मध्य भारतातील गोंडांच्या मुलखाचे जुने नाव. व्हिएन्नाच्या एडुआर्ट झ्यूसने १८८५ मध्ये ते उचलून दक्षिणेकडील पुराण्या महाखंडाला दिले आणि पुढे ‘लँड’ जोडले. गोंडवन या शब्दात मुलूख आलाच होता, हे त्याच्या ध्यानी आले नसावे.

महाखंडाचे तुकडे समुद्रात खचले असे झ्यूसला वाटे. ते खचले नाहीत, सरकले, हे आल्फ्रेड वेगेनरने १९१२ पासून मांडले, आणि त्याच्या हातातील बलवान पुराव्यांपैकी एक होता हा प्राचीन बर्फ. खंड आजच्या जागी ठेवले तर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी बर्फ पसरवावा लागतो. दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणले की सारे ओरखडे एका हिमाच्छादनात सामावतात. त्याच १९१२ च्या नोव्हेंबरात अंटार्क्टिकात कॅप्टन स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांचे देह सापडले. उपासमारीने खंगलेल्या त्या माणसांनी अखेरपर्यंत सुमारे १६ किलो दगड ओढत आणले होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने होती.

आता नावाविषयी थोडे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज ‘गोंडवना’ आहे. ब्यूनोस आयरिसचा विद्यार्थी तो शब्द उच्चारतो आणि केपटाउनचाही. पण ज्यांच्या नावाने तो आहे ते स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतात, हे त्यांतल्या कितींना ठाऊक असेल? नाव देणाऱ्यांच्या लेखी गोंडवन म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावरचा एक पट्टा होता. त्या पट्ट्यातल्या माणसांशी कोणी सल्लामसलत केल्याची नोंद नाही, आणि तशी अपेक्षा त्या काळाकडून करणेही भाबडेपणाचे ठरेल. तरीही एका जमातीचे नाव पृथ्वीच्या इतिहासात अमर व्हावे आणि त्याच दशकात तिच्या मुलखातला कोळसा वरोऱ्याच्या खाणीतून बाहेर पडू लागावा, हा योगायोग नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच सर्वेक्षणाची फळे आहेत. वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रावरचा ह्यूजचा सविस्तर ग्रंथ १८७७ चा, फेडनच्या टिपणानंतर दोनच वर्षांनी आलेला. हिमनदी आणि खाण शेजारी-शेजारी नोंदल्या गेल्या.

आज त्या खोऱ्यात प्रचंड उघड्या खाणी आहेत. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी त्यावरचे वालुकाश्म आणि शेल खणून बाजूला टाकावे लागतात, आणि त्यांचे टेकड्यांएवढे ढीग चंद्रपूर, वणी, बल्लारपूरच्या परिसरात रस्त्यावरून दिसतात. या ढिगांत शेलचा एखादा तुकडा फोडला तर अजूनही ग्लॉसोप्टेरिसचे पान निघू शकते, शिरांसकट. ते पान कोणते हे तज्ज्ञ लगेच सांगेल. ते कोणत्या थरातले, कोणाच्या वर होते नि कोणाच्या खाली, हे मात्र त्या ढिगाला विचारून कळत नाही.